परसातल्या तळ्यासाठी पंप: एचपी बाजूला ठेवा, लिटर आणि उंची मोजा

हार्डवेअरच्या दुकानात "पंप हवाय" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपी?" आणि दुसरा, "कितव्या मजल्यावर चढवायचंय?" दुकानदाराचं काही चुकत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत न्यायचं असतं. परसातल्या तळ्याचं काम मात्र नेमकं उलटं. टाकीचा पंप पाणी उंच नेतो आणि अर्ध्या-पाऊण तासात बंद होतो. तळ्याच्या पंपाला भरपूर पाणी जेमतेम कमरेएवढं उचलायचं असतं, आणि तेही रात्रंदिवस.

म्हणून घरात पडून असलेला अर्धा एचपीचा मोनोब्लॉक "आहेच तर लावून टाकू" म्हणून तळ्याला जोडू नका. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, तेही मोटरच्या दांड्यावर मिळणारे. मीटरवर त्याहून जास्त पडतात. चोवीस तास चालवला तर दिवसाला नऊ युनिटांच्या वर. शिवाय असे घरगुती पंप सलग चालण्यासाठी बनवलेलेच नसतात.

आधी तळं कशाचं आहे ते ठरवा

तळ्यात फक्त कमळं किंवा वॉटर लिली असतील तर पंप न घेणं हा उत्तम निर्णय आहे. दोन्हींना संथ पाणी लागतं. पानांवर सतत तुषार पडत राहिले की पानं खराब होतात आणि फुलंही कमी येतात. डासांचा प्रश्न असेल तर गप्पी मासे सोडा. बऱ्याच ठिकाणी महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या हिवताप विभागाकडे ते मिळतात. पंपामुळे डास होत नाहीत हे अर्धसत्य आहे. जिथे पाणी हलतं तिथे अळ्या टिकत नाहीत, पण कुंड्यांच्या आडोशाला, दगडांच्या बेचक्यात पाणी तसंच उभं असतं आणि तेवढं त्यांना पुरतं.

गोल्डफिश, मॉली, गप्पी असे मासे असतील तर तळ्यातलं सगळं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरावं, असा हिशेब धरा. कोई (मोठे रंगीत कार्प मासे) असतील तर तासाला एकदा. कोई दणकून खातात आणि घाणही तेवढीच करतात. तिसरा प्रकार शोभेचा: धबधबा किंवा कारंजं. त्याचा हिशेब माशांवर नाही, पाणी किती रुंद पडायला हवं यावर असतो. धबधब्याच्या ओठाच्या, म्हणजे पाणी जिथून खाली पडतं त्या कडेच्या, दर इंचाला ताशी ३०० ते ४०० लिटर पाणी लागतं. त्याहून कमी सोडलं तर पाणी सलग पडद्यासारखं न पडता दगडाला चिकटून ओघळत येतं. फूटभर रुंद ओठ म्हणजे ताशी साडेतीन हजार लिटरच्या पुढे. म्हणून धबधबा बांधायच्या आधीच हा आकडा डोक्यात असलेला बरा. गवंड्याने दीड फुटाचा ओठ काढून ठेवला की पुढे त्याला पाणी पुरवत बसावं लागतं.

तळ्यात पाणी किती

चौकोनी तळं असेल तर लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा; उत्तर लिटरमध्ये येतं. गोल तळ्यासाठी व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, आणि त्याला २२ ने गुणा. बाजू उतरत्या असतील, मध्ये कुंड्या आणि दगड असतील, तर आलेल्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करा.

वाकड्यातिकड्या तळ्यासाठी यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे पहिल्यांदा भरतानाच मोजणं. गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीतून भरत असाल तर किती टाक्या उतरल्या ते लिहून ठेवा. हा आकडा पुढे औषध घालतानाही उपयोगी पडतो.

उंची कुठून कुठवर मोजायची

पंप तळाशी बसलाय म्हणून तळापासून मोजायचं नाही. पंपाच्या भोवतीचं पाणी पाइपातल्या पाण्याला आपोआप पृष्ठभागापर्यंत चढवून ठेवतं; पंपाचं काम तिथून पुढे सुरू होतं. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून पाइपाच्या बाहेर पडणाऱ्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजायची. ती मे महिन्यातल्या पातळीवरून धरा, तुडुंब भरलेल्या तळ्यावरून नको. पाणी अर्धा फूट उतरलं की उंची अर्धा फूट वाढलीच.

कारंज्यात पाणी जितकं वर उडवायचं तेवढी उंचीही धरावी लागते, वर नोझलमध्ये जातो तो दाब वेगळा. कारंजं तळ्याच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा उंच ठेवू नका. वारा सुटला की पाणी तळ्याबाहेर पडतं आणि तळं हळूहळू अंगणात रिकामं होतं.

खोक्यावरचे दोन आकडे

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे ठळक असतात: क्यू-मॅक्स म्हणजे ताशी जास्तीत जास्त लिटर, आणि एच-मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त उंची. कूलरच्या १८ वॅटच्या पंपावर, उदाहरणार्थ, ११०० लिटर आणि १.८५ मीटर असं लिहिलेलं सापडेल. वाचणाऱ्याला वाटतं, हा पंप १.८५ मीटर उंचीवर ताशी ११०० लिटर देणार. तसं नसतं. ११०० लिटर मिळतात ते उंची शून्य असताना, आणि १.८५ मीटर उंचीला मिळतं ते शून्य लिटर.

खात्री करायची असेल तर पंप बादलीत ठेवा, त्याला पारदर्शक नळी लावा आणि नळी सरळ उभी धरून वर वर नेत जा. आधी पाणी धो धो येतं, मग धार बारीक होते, आणि साधारण सहा फुटांवर पाणी नळीतच थबकतं. पंप चालू आहे, घरघरतोय, पण बाहेर थेंब नाही. ती एच-मॅक्स.

या दोन टोकांच्या मधे काय मिळतं ते पंपाच्या आलेखात दिलेलं असतं. चांगल्या कंपन्या तो छापतात; आलेख असलेल्या पंपाला मी एक गुण आधीच जास्त देतो. आलेख नसेल तर एक ढोबळ अंदाज धरा: एच-मॅक्सच्या निम्म्या उंचीला क्यू-मॅक्सच्या निम्मं किंवा किंचित जास्त पाणी मिळतं. म्हणून आपल्याला लागणाऱ्या उंचीच्या दुप्पट एच-मॅक्स आणि लागणाऱ्या लिटरच्या दुपटीच्या आसपास क्यू-मॅक्स असलेला पंप शोधायचा. त्याहून फार मोठा घेऊन उपयोग नाही, वीज फुकट जाते.

पाइपात हरवणारं पाणी

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. पंप नीट निवडतात आणि त्याला घरात पडलेली पाऊण इंची बागेची नळी जोडतात. ताशी ३००० लिटर पाणी पाऊण इंची नळीतून न्यायचं म्हटलं तर नळीच्या दर मीटरला अर्ध्या मीटरहून जास्त उंचीइतका दाब नुसत्या घर्षणात जातो. तीन मीटर नळी म्हणजे पाणी आणखी पाच-साडेपाच फूट चढवल्यासारखं. तेवढंच पाणी एक इंची नळीतून नेलं तर मीटरमागे जेमतेम चौदा-पंधरा सेंटीमीटर जातात, आणि सव्वा इंचीतून चार-पाच. नळीच्या किमतीतला फरक काही रुपयांचा असतो, पण तो वाचवण्यासाठी लोक पुढच्या आकाराचा पंप घेतात.

आतला व्यास धरून साधारण मर्यादा अशा:

अर्धा इंच: ताशी ७०० लिटरपर्यंत
पाऊण इंच: १५०० लिटरपर्यंत
एक इंच: २७०० लिटरपर्यंत
सव्वा इंच: ४३०० लिटरपर्यंत
दीड इंच: ६५०० लिटरपर्यंत

पंपाचं तोंड लहान असलं म्हणून पाइप तेवढाच घ्यायला हवा असं नाही. तोंडाला रिड्यूसर (लहान-मोठे पाइप जोडणारा तुकडा) लावून लगेच मोठ्या पाइपावर जा. काटकोनी एल्बो कमीत कमी ठेवा. वळण द्यायचंच तर लवचीक पाइप मोठ्या गोलाईने वळवा. आणि पाणी जास्त वाटलं तर व्हॉल्व्ह पंपाच्या बाहेर येणाऱ्या बाजूला लावून आवळा, आत खेचणाऱ्या बाजूला कधीच नाही.

एका तळ्याचा पूर्ण हिशेब

रो-हाउसच्या मागच्या अंगणात ८ फूट बाय ६ फूट, २ फूट खोल तळं आहे असं धरू. ९६ घनफूट, म्हणजे सुमारे २७०० लिटर. बाजू उतरत्या आहेत, पाचवा हिस्सा गेला. उरले साधारण २२०० लिटर. मासे गोल्डफिश, म्हणजे दोन तासांत एकदा: ताशी ११०० लिटर. एक सहा इंची धबधबाही हवाय: ६ गुणिले ३००, म्हणजे ताशी १८०० लिटर. दोन्हींतला मोठा आकडा १८००.

धबधब्याचा ओठ पाण्यापासून तीन फूट वर, म्हणजे ०.९ मीटर. एक इंची पाइप चार मीटर, त्यात ०.२ मीटर जातात. वळणं आणि जोड ०.१. मधे फिल्टर आहे. तो भरत आला की ०.३ तरी धरावेत. बेरीज दीड मीटर. म्हणजे आपल्याला दीड मीटरवर ताशी १८०० लिटर देणारा पंप हवाय. खोक्यावर २००० लिटर आणि २ मीटर लिहिलेला पंप दुकानात पुरेसा वाटतो, पण दीड मीटरवर तो सहा-सातशे लिटरवर येतो आणि धबधब्याचं गळकं पन्हाळं होतं. हवा तो ३५०० लिटर आणि ३ मीटरचा.

आता माझं मत. या तळ्याला मी हा एक पंप लावणार नाही, दोन लावीन. माशांना आणि फिल्टरला २४ तास पाणी हवं, पण तीन फूट उंच धबधबा बघायला आपण संध्याकाळी दोन-तीन तास अंगणात असतो. दिवसभर १८०० लिटर पाणी तीन फूट चढवायचं कशाला? फिल्टर पाण्याच्या पातळीच्या थोडासा वर ठेवला तर ताशी ११०० लिटरला २० ते २५ वॅटचा छोटा पंप पुरतो. तो कायम चालू. धबधब्याचा मोठा पंप वेगळा, त्याला टायमर. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: एक पंप अडकला तर दुसऱ्यावर मासे रात्र काढतात. ऐन मेमध्ये रविवारी दुकान बंद असताना पंप अडकला की याची किंमत कळते.

पंपाचे प्रकार आणि विजेचं बिल

कूलरचा पंप स्वस्त, कुठेही मिळतो, आणि दोन-तीनशे लिटरच्या टबाला किंवा छोट्या कारंज्याला चालतो. पण तो एका उन्हाळ्याच्या कामासाठी बनवलेला असतो आणि त्याची वायर आखूड असते. वर्षभर अहोरात्र चालवला की तो फार टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्या वरच्या पायरीला मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारे चुंबकी रोटरचे, सिरॅमिक दांड्याचे सबमर्सिबल पंप येतात. बहुतेक परसातल्या तळ्यांना हेच योग्य. १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारे डीसी पंप महाग असतात, पण वीज कमी खातात, वेग कमी-जास्त करता येतो आणि पाण्यात घरगुती वीज उतरत नाही. घरात लहान मुलं असतील तर माझा कौल यांना. मोटरच्या आत तेल असलेला पंप माशांच्या तळ्यात नको. सील गेलं की तेलाचा तवंग पसरतो.

वॅटचा हिशेब सोपा आहे: २४ तास चालणारा पंप जितक्या वॅटचा, त्याला ०.७२ ने गुणलं की महिन्याची युनिटं. ८५ वॅटचा पंप ६१ युनिटं घेतो, तेवढंच काम करणारा ४० वॅटचा २९. फरक ३२ युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला ३२० रुपये. म्हणजे दुसरा पंप दोन हजारांनी महाग असला तरी सहा-सात महिन्यांत पैसे फिटले. इथे एक गोष्ट लोक विसरतात: महावितरणचे घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्प्याटप्प्याने चढतात, आणि पंपाची युनिटं घरातल्या बाकी वापराच्या वर येऊन बसतात. म्हणून ती तुमच्या बिलातल्या सरासरी दराने पडत नाहीत, सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने पडतात.

"रात्री पंप बंद ठेवला तर?" हा प्रश्न हमखास येतो. माशांच्या तळ्यात तसं करू नका. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात रात्री पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. बॅटरी नसलेलं सौर कारंजं म्हणूनच माशांच्या तळ्याला एकटं पुरत नाही: गरज पहाटेची, आणि ते चालतं दुपारी. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तर तेही नाही.

शॉकचा प्रश्न

यात काटकसर नको. पंपाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवी, आणि घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग असलेला पंप घ्या. तळ्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागवायचं नाही. वायर आखूड पडली तर जोड पाण्यात किंवा मातीत नको; भिंतीवर, पावसापासून आडोशाला, जलरोधक डबीत घ्या. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाशीच गळून पडतं. आणि पंप वायरीला धरून बाहेर ओढू नका. सगळेच ओढतात, आणि सील तिथूनच जातं. पंपाला नायलॉनची दोरी बांधून ठेवा.

बसवताना

पंप तळाच्या गाळात ठेवू नका, एक-दोन विटांवर ठेवा. गाळ कमी खेचला जातो, आणि पाइप कुठे निसटला तरी पंपाच्या पातळीखालचं पाणी माशांसाठी उरतं. पाणी जिथे पडतं त्याच्या समोरच्या टोकाला पंप ठेवा, नाहीतर तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं आणि दुसरा कोपरा तसाच साचतो. कांद्याच्या जाळीदार पिशवीत पंप ठेवून भोवती विटांचे मोठे तुकडे भरले की फुकटात बाहेरची गाळणी तयार होते. गप्पींची पिल्लं असतील तर पंपाच्या तोंडावर स्पंज हवाच.

पाइपाचं टोक वरच्या फिल्टरमध्ये पाण्याखाली बुडलेलं असेल तर वीज गेल्यावर पाणी उलटं खाली येऊन फिल्टर रिकामा होतो. पाइपाचं टोक पाण्याच्या वर ठेवा, किंवा फिल्टरमधल्या पातळीच्या किंचित वर पाइपाला एक बारीक भोक पाडा. हवा शिरली की उलटा प्रवाह तुटतो.

उन्हाळा, बोअरचं पाणी आणि गेलेली वीज

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उघड्या तळ्यातलं दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. वरच्या उदाहरणातल्या तळ्याला ते चाळीस-पंचेचाळीस लिटर होतं, धबधब्याचं वेगळं. चार दिवस गावाला गेलात आणि पंप उघडा पडला, तर कोरडा चालून जळतो. फ्लोट स्विच (पाणी उतरलं की पंप बंद करणारा तरंगता स्विच) असलेला पंप घ्या किंवा वेगळा फ्लोट लावून घ्या.

बोअरचं जड पाणी असेल तर पंप महिन्यातून एकदा उघडा. पुढचं झाकण फिरवून काढलं की पात्यांचा रोटर बोटांनी ओढून बाहेर येतो. त्याच्यावर आणि तो बसतो त्या खाचेत पांढरट खरखरीत थर दिसेल, दांड्याला शेवाळाचे केसासारखे धागे गुंडाळलेले असतील. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. सिरॅमिकचा दांडा जपून हाताळा, तो काचेसारखा तडकतो. म्हणून घेतानाच विचारा की रोटर आणि दांडा सुटे मिळतात का. मिळत नसतील तर तो पंप कितीही चांगला असला तरी मी घेत नाही.

छोटा पंप इन्व्हर्टरवर घ्यायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्वस्त इन्व्हर्टरवर हे पंप गुणगुणतात आणि तापतात. देखभालीसाठी वीज पाच-सहा तास गेली असेल तर बंद डब्याच्या फिल्टरमधलं पहिलं पाणी तळ्यात सोडू नका. आतले जीवाणू प्राणवायूविना मरू लागतात आणि त्या पाण्याला घाण वास येतो. ते झाडांना घाला.

पंप आला की मोजून घ्या

सगळं जोडल्यावर, धबधब्याच्या ओठापाशी रंगाची २० लिटरची रिकामी बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ७२००० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी लिटर. ४० सेकंद लागले तर १८००. आपल्या हिशेबापेक्षा बरंच कमी आलं तर आधी पाइप कुठे दुमडलाय का ते बघा, मग फिल्टर बाजूला काढून पुन्हा मोजा. तरीही कमीच आलं तर पंप दुकानात परत न्या. म्हणून तोवर खोकं आणि बिल टाकू नका.